निवडून आलेल्यांच्या फायली : किनाऱ्यावरील एका वाचनालयाचा संदर्भ विभाग

राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला, तरी सिंधुदुर्गात निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की त्या अजूनही बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांच्यापासूनच सुरू होतात. या गप्पांतले खरे किती आणि पुढच्या पिढ्यांनी पदरचे घातलेले किती, हे ताडून पाहू इच्छिणाऱ्याला आकड्यांसाठी घराबाहेर पडावे लागत नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर १९५१-५२ पासूनचे सांख्यिकी अहवाल आहेत आणि त्यांत प्रत्येक मतदारसंघातील उमेदवार, त्यांचे पक्ष आणि त्यांना मिळालेली मते दिलेली असतात. मात्र आकड्यांमागची हकीकत, म्हणजे कोणाची सभा कुठे गाजली, कोणी कोणाला आतून मदत केली, मुंबईकर चाकरमानी मतदानाला आले की नाही, ही सारी कोकणातील जुन्या वाचनालयांच्या कपाटांत पडून आहे. किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या, शंभरी ओलांडलेल्या अशाच एका वाचनालयाच्या संदर्भ विभागाचा मी गेला हिवाळाभर उपयोग केला आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे. वाचनालयाचे नाव मुद्दामच देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे, त्या थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी आढळतील. त्या एकाच संस्थेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. विभाग मनापासून जपलेला आहे, त्यात ऐवज आहे, आणि तिथे बसून काम करणे सुखाचे आहे. पण त्याची सगळी मांडणी निवडून आलेल्या माणसांच्या नावाने केलेली असल्यामुळे जो वाचक मतदारसंघाचा इतिहास शोधायला येतो, त्याच्या हाती खासदारांची चरित्रे लागतात.

प्रवेशाचे नियम सोपे आहेत. सभासद नसलेल्यालाही दिवसाचे नाममात्र शुल्क भरून आणि नोंदवहीत नाव, गाव व विषय लिहून बसता येते. पिशवी खालीच ठेवावी लागते आणि टिपणे पेन्सिलनेच घ्यावीत असा दंडक आहे. कात्रणांच्या झेरॉक्स मिळतात, बांधीव खंडांच्या मिळत नाहीत. काचेवर उताणे पाडले की जुन्या खंडांचा कणा मोडतो, त्यामुळे ही मनाई मला योग्यच वाटली. मोबाइलवर छायाचित्र घेण्यास आडकाठी नाही. ऐवजाचे ढोबळ तीन भाग आहेत : नावानिशी लावलेल्या कात्रणांच्या फायली, दैनिकांचे आणि साप्ताहिकांचे बांधीव खंड, आणि शाळा, पतपेढ्या, ग्रामस्थ मंडळे यांच्या स्मरणिकांचा एक भलामोठा गठ्ठा. रत्नागिरी जिल्ह्याचे १९६२ चे गॅझेटियर आणि जनगणनेच्या पुस्तिका वेगळ्या कपाटात आहेत.

सर्वांत जाड फायली अर्थातच नाथ पैंच्या. वेंगुर्ल्यात १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने राजापुरातून लोकसभेवर गेला, १९६२ आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आला, आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात वारला. फायलींत लोकसभेतील भाषणांचे वृत्तांत भरपूर आहेत. गोलकनाथ खटल्यातील फेब्रुवारी १९६७ च्या निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा तो अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी मांडलेल्या खासगी विधेयकावर तर एक संपूर्ण फाईल आहे. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. त्यातला मुख्य हेतू पुढे १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने साधला. घटनेच्या अभ्यासकाला ही फाईल म्हणजे घबाडच आहे. मला मात्र पाहायचे होते ते असे, की ज्या मतदारसंघातील घरे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत होती, तिथल्या लोकांनी दिल्लीत घटनेवर वाद घालणाऱ्या बॅरिस्टरला तीनदा का निवडून दिले. त्याचे उत्तर त्या फायलीत नाही.

ते थोडेफार मिळते शेजारच्या मतदारसंघाशी तुलना केल्यावर, आणि इथे बांधीव खंड कामी येतात. १९५२ मध्ये जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते आणि दोन्ही काँग्रेसकडे गेले. उत्तरेतून जगन्नाथराव भोसले आले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यावरचा राग मतपेटीत उतरला. नव्या राजापूर मतदारसंघात नाथ पै जिंकले आणि रत्नागिरीत जनसंघाचे प्रेमजी आसर. विचारसरणी दोन टोकांच्या, पण वारे एकच, संयुक्त महाराष्ट्राचे. १९६० मध्ये राज्य मिळाल्यावर ते वारे पडले. १९६२ मध्ये रत्नागिरी शारदा मुखर्जींच्या रूपाने काँग्रेसकडे परत गेली आणि राजापूर जागचे हलले नाही. म्हणजे १९५७ चा विजय लाटेचा म्हणता येईल, १९६२ चा म्हणता येणार नाही. ही गोष्ट दोन मतदारसंघांचे आकडे शेजारी ठेवल्याखेरीज दिसत नाही, आणि आसर किंवा मुखर्जी यांच्या नावाची फाईलच या विभागात नाही. ‘ते आपल्याकडचे नव्हेत’ असे मला सांगण्यात आले. जगन्नाथराव भोसल्यांची फाईल आहे, पण ती आझाद हिंद सेनेच्या कप्प्यात. ते पहिल्या लोकसभेचे सदस्य होते, याची त्या फायलीच्या पुठ्ठ्यावर नोंदही नाही.

स्मरणिकांच्या गठ्ठ्याकडे आरंभी मी दुर्लक्ष केले होते, कारण जाहिराती आणि शुभेच्छा सोडल्या तर त्यांत काही नसेल असा सर्वसाधारण समज असतो. पण एका माध्यमिक शाळेच्या स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षकाने खाडीपलीकडच्या गावात मतदान केंद्रावर केलेल्या कामाची आठवण लिहिली आहे आणि ती सगळ्या फायलींपेक्षा मोलाची ठरली. पहिल्या दोन निवडणुकांत मतपत्रिकेवर खूण करायची नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तीवर चिन्ह चिकटवलेले असे. त्या पेट्या होडीत घालून भरतीच्या वेळेचा अंदाज घेत पलीकडे न्याव्या लागल्या, झोपडीच्या चिन्हाच्या पेटीचा कागद दमट हवेत सुटू लागला म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातून भाताची खळ आणून तो पुन्हा चिकटवला, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या, असे त्यांनी बारकाईने लिहिले आहे. निवडणूक गावात कशी उतरते हे या दीड पानातून जसे कळते, तसे ते अग्रलेखांतून कळत नाही. या स्मरणिकांची विषयसूची कोणी केलेली नाही. प्रत्येक उघडून पाहावी लागते.

१९७१ चा पहिल्या तिमाहीचा खंड प्रत्येकाने मागून पाहावा. लोकसभा डिसेंबर १९७० च्या अखेरीस बरखास्त झालेली होती, निवडणूक तोंडावर होती, आणि अशा वेळी नाथ पै गेले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली पाने शोकवार्तांनी भरलेली आहेत. थोडीच पाने उलटली की त्याच मतदारसंघासाठी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, मूळच्या अहमदनगरच्या प्राध्यापकाचे नाव येते. मधू दंडवते कोकणचे नव्हते, ही गोष्ट आज सोयीस्करपणे विसरली जाते. इंदिरा गांधींच्या त्या प्रचंड लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून अवघे दोन उमेदवार लोकसभेवर गेले आणि त्यांपैकी एक दंडवते होते. निकालाच्या दिवशीच्या अंकात मतांच्या तक्त्याशेजारी कोणा वाचकाने शिसपेन्सिलीने बेरजा मांडून ठेवल्या आहेत, एक खोडून पुन्हा केली आहे, आणि खाली नुसता एक टिंब देऊन रेघ ओढली आहे. वाचनालयाच्या मालमत्तेवर लिहिणे गैरच; तरीही ग्रंथपालांनी ते पान बदलू नये, असे मला वाटते.

दंडवत्यांची फाईल अधिक नीट लावलेली आहे, बहुधा ती लावणारी व्यक्ती त्यांची चाहती असावी. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे पाच विजय. आणीबाणीतला बंगळूरचा तुरुंगवास, १९७७ नंतरचे रेल्वेमंत्रीपद, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवण्याचा निर्णय, १९८९ नंतरचे अर्थमंत्रीपद, हे सगळे तारीखवार आहे. कोकण रेल्वेच्या मागणीची कात्रणे तर इतकी आहेत की २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्णपणे खुला झाल्याची बातमी येईपर्यंत तीन पुठ्ठे भरतात. पण पाचांपैकी सर्वांत अवघड विजय कोणता, असे विचारले तर फाईल गप्प बसते. माझ्या मते तो १९८४ चा. त्या वर्षी महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या, शेजारी रत्नागिरीतून हुसेन दलवाई आले, आणि तरी राजापूर जनता पक्षाकडे राहिले. त्या मोहिमेची कात्रणे फायलीत मोजकीच आहेत, कारण ज्याने फाईल लावली त्याच्या लेखी विजय गृहीतच होता.

आणि मग १९९१. या मतदारसंघाच्या इतिहासातला सांधा जर कुठे निखळला असेल, तर तो इथे. दंडवते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले, आणि १९५७ पासून अखंड चाललेली समाजवादी परंपरा तिथे थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. काँग्रेसने राज्यात ३८ जागा जिंकल्या त्या वर्षीची ही गोष्ट, त्यामुळे राजीव गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती हे तयार उत्तर कोणीही देते. पण १९८४ ची सहानुभूती ज्यांनी परतवून लावली, ते १९९१ मध्ये का हरले, हे त्या उत्तराने सुटत नाही. दरम्यानच्या वर्षांत शिवसेना मुंबईच्या चाळींतून गावोगाव पोचली होती. काँग्रेसला नको म्हणणाऱ्याला आता दुसरे दार उघडे होते. १९९० च्या विधानसभेत त्याची चाहूल लागलीच होती, त्याच वर्षी नारायण राणे मालवणातून आमदार झाले. हे सगळे जुळवायला मला १९८९ ते १९९१ चे खंड ओळीने पाहावे लागले, कारण संदर्भ विभागात १९९१ ची जी फाईल आहे ती बोटाच्या पेरापेक्षा जाड नाही. पराभवाची कात्रणे कोणी कापत नाही, हेच खरे. सावंतांची स्वतंत्र फाईल आहे, पण तीत ते लष्करातून राजकारणात कसे आले याचा भाग मोठा आणि ते कसे निवडून आले याचा लहान.

पुढचा काळ पटकन पाहून होतो. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ या चारही निवडणुकांत राजापुरातून शिवसेनेचे सुरेश प्रभू आणि रत्नागिरीतून शिवसेनेचेच अनंत गीते आले. राजापूरच्या आणखी एका खासदाराला पुढे रेल्वेमंत्रीपद मिळाले, हा योगायोग प्रभूंच्या फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. मात्र २०१४ मध्ये ते खाते मिळाले तेव्हा प्रभू राजापूरचे खासदार राहिले नव्हते आणि राजापूर मतदारसंघही राहिला नव्हता, हे लिहिण्याइतकी जागा त्याच पुठ्ठ्यावर होती.

ही किरकोळ वाटणारी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या विभागाची सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. २००९ पासूनच्या सर्व फायली ‘राजापूर (नवीन)’ या शीर्षकाखाली लावल्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा जुन्या राजापूरचा नवा अवतार नव्हे. पुनर्रचनेत वेंगुर्ले, मालवण आणि देवगड ही विधानसभा क्षेत्रे गेली, कुडाळ आले. रत्नागिरी आणि चिपळूण जुन्या रत्नागिरी मतदारसंघातून इकडे आली, तर दापोली आणि गुहागर रायगडला जोडली गेली. आज चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी अशी सहा क्षेत्रे आहेत. नाथ पै आणि दंडवते यांना कधीही मत न दिलेला मोठा प्रदेश त्यांच्या ‘बालेकिल्ल्यात’ घातला की निष्कर्ष चुकणारच. २०२४ चेच पाहा. भाजपचे नारायण राणे यांना ४,४८,५१४ मते मिळाली आणि ठाकरे गटाच्या शिवसेनेचे विनायक राऊत यांना ४,००,६५६, फरक ४७,८५८. पण क्षेत्रनिहाय पाहिले तर सिंधुदुर्गातील तिन्ही क्षेत्रांत राणे पुढे होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातील तिन्हींत राऊत. दोन जिल्ह्यांमधली शिवण उसवून दोन तुकडे वेगळे दिसावेत असा हा निकाल आहे, आणि तो ‘राजापूर (नवीन)’ या नावाखाली वाचणाऱ्याला ती शिवण कधीच दिसणार नाही.

२००९ ते २०१९ चा ऐवज तसा बरा आहे. नीलेश राणे यांनी २००९ मध्ये काँग्रेसतर्फे प्रभूंचा केलेला पराभव, २०१४ मध्ये राऊतांचा १,५०,०५१ मतांनी झालेला विजय आणि २०१९ मधले १,७८,३२२ चे मताधिक्य, या तिन्हींच्या वेळचे स्थानिक अंक पूर्ण आहेत. पण जैतापूरचा अणुप्रकल्प आणि नाणारची रिफायनरी या दोन विषयांच्या फायली ‘प्रकल्प’ या कपाटात आहेत आणि निवडणुकांच्या ‘राजकारण’ या कपाटात. एकीतून दुसरीकडे बोट दाखवणारी चिठ्ठीसुद्धा नाही. नाणारसाठीची भूसंपादनाची अधिसूचना लोकसभा निवडणुकीच्या अगदी तोंडावर, मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, हे ‘राजकारण’ कपाटात शोधणाऱ्याला कळणार नाही. बायकांच्या मतांविषयी तर कुठल्याच कपाटात काही नाही. रत्नागिरी हा पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक असलेला जिल्हा आहे, २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष मुंबईला. ज्या मतदारसंघात मतदानाच्या दिवशी गावात प्रामुख्याने बायकाच असत, त्याचा इतिहास सभेच्या व्यासपीठावरच्या पुरुषांच्या छायाचित्रांनी भरलेला आहे.

आता सेवेविषयी. सहायक ग्रंथपाल बाई तत्पर आहेत आणि त्यांच्या स्मरणशक्तीवर अर्धा विभाग चालतो. ‘ते तुम्हाला सापडायचे नाही हो, थांबा’ म्हणून त्या जिन्यावर चढतात आणि हवा तो पुठ्ठा घेऊन उतरतात. त्या रजेवर असल्या की मात्र सूचीतला क्रमांक आणि कपाटातला क्रमांक यांचा मेळ बसत नाही. कागदाची निगा या हवामानाच्या मानाने उत्तम आहे. कसर जवळजवळ नाही, वाळवी एका कोपऱ्यात येऊन गेली त्याची खूण आहे, आणि पावसाळ्यात कपाटांत बल्ब लावून ठेवतात असे समजले. १९७७ च्या खंडातील मार्चची काही पाने मात्र कोणीतरी पात्याने कापून नेली आहेत. जनता पक्षाच्या विजयाचाच तो आठवडा, तेव्हा चोर रसिक असावा.

संचालक मंडळाला माझी सूचना खर्चाची नाही. खासदारांच्या फायली आहेत तशा ठेवाव्यात, पण प्रत्येक निवडणुकीच्या वर्षाची एक पातळ फाईल नव्याने करावी : आयोगाच्या अहवालातील त्या वर्षाचे राजापूर आणि रत्नागिरी या दोन्ही मतदारसंघांचे पान, पराभूत उमेदवारांची नावे, त्या वेळची विधानसभा क्षेत्रे दाखवणारा नकाशा, आणि इतर कपाटांतील संबंधित कात्रणांचे क्रमांक. अलीकडच्या निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय तक्ते, म्हणजे नमुना २०, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून छापून घेता येतात. ते आज मिळतात तोवर बांधून ठेवावेत. बाईंना ही कल्पना पटली, पण कामाला माणूस नाही, असे त्या म्हणाल्या.

बाहेरगावाहून येणाऱ्या अभ्यासकाने आयोगाचे तक्ते घरूनच छापून आणावेत, नावाने फाईल न मागता वर्षाने खंड मागावा, आणि स्मरणिकांसाठी सबंध दिवस राखून ठेवावा. विभाग सकाळी आणि संध्याकाळी उघडतो, सोमवारी बंद असतो. दुपारी एक ते चार दाराला कुलूप असते. त्या वेळात समोरच्या खानावळीत माशाचे जेवण चांगले मिळते.